लिलियन वाल्ड : रुग्णाच्या दारी गेलेल्या परिचारिका

मोफत तपासणी शिबिराचा फलक लागतो, पण गावाकडून मुलाकडे राहायला आलेले आजी-आजोबा तिथे क्वचितच दिसतात. शहर अनोळखी, जिने उतरवत नाहीत, सोबत यायला कुणाला सुट्टी नसते. मग ते थेट अर्धांगवायू झाल्यावर दवाखान्यात येतात. अशा लोकांपर्यंत पोहोचायचे कसे, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधील एका परिचारिकेने दाखवून दिले.

लिलियन वाल्ड यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. १८९१ मध्ये परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून पुढे त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८९३ मध्ये लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीत त्या घरगुती शुश्रूषेचा वर्ग घेत होत्या. एके दिवशी एक लहान मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तिची आई बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन पडली होती. त्या घरातून परतल्यावर वाल्ड यांनी महाविद्यालय सोडले.

सहकारी मेरी ब्रूस्टर यांच्यासह त्या त्याच वस्तीत राहायला गेल्या. १८९५ मध्ये हेन्री स्ट्रीटवर त्यांच्या कामाला हक्काचे घर मिळाले. परिचारिकेला बोलावण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नसे. पैसे ऐपतीप्रमाणे घेत, ऐपत नसेल तर घेत नसत. सारखे जिने चढ-उतर करावे लागू नयेत म्हणून परिचारिका गच्चीवरूनच शेजारच्या इमारतीत जात. मलमपट्टी करता करता स्वच्छता, आहार आणि संसर्ग टाळण्याची माहितीही देत. १९०९ मध्ये वाल्ड यांच्या सूचनेवरून मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी विमेदारांच्या घरी परिचारिका पाठवू लागली.

१ सप्टेंबर १९४० रोजी वाल्ड यांचे निधन झाले. त्यांची गृहभेट सेवा १९४४ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. ती आजही न्यूयॉर्कमध्ये वृद्ध आणि दीर्घ आजारी रुग्णांच्या घरी जाते.

आपल्याकडे हे काम आशा सेविका करतात. घरात नव्याने राहायला आलेले ज्येष्ठ असतील, तर आपल्या भागातील आशा सेविकेला तसे जरूर कळवा. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात त्यांचा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्या. शेजारच्या घरात असे कुणी एकटे असेल, तर त्यांनाही सोबत न्या. त्रास होत नाही म्हणून तपासणी टाळू नका, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवतच नाही.