ठासणीपासून काडतुसापर्यंत : बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर

बर्मिंगहॅमच्या बंदूकनिर्मितीचा लौकिक ज्यांनी जगभर नेला, त्यांत विल्यम वेलिंग्टन ग्रीनर यांचे स्थान वरचे आहे. त्यांचा जन्म १८३४ सालचा. वडील विल्यम ग्रीनर हेही नामांकित बंदूककार. १८४४ मध्ये त्यांनी न्यूकॅसलहून बर्मिंगहॅमला बिऱ्हाड हलवले.

वडिलांनी १८३५ मध्ये नळीत प्रसरण पावणारी गोळी सुचवली होती. सरकारने तिच्याकडे पाठ फिरवली आणि त्या कल्पनेचा मान म्हणून हजार पौंड दिले ते थेट १८५७ मध्ये. नव्या विचाराची उपेक्षा सोसलेल्या या पित्याला मात्र मुलाचा नवा विचार पटला नाही. बंदूक ठासणीचीच असावी, यावर ते ठाम होते. मागून काडतूस भरायच्या बंदुकीलाच भवितव्य आहे, असे मुलाचे मत. अखेर विल्यम वेलिंग्टन यांनी स्वतंत्र कारखाना थाटला. १८६९ मध्ये वडील निवर्तल्यावर दोन्ही व्यवसाय एक झाले.

पुढे १८७४ मध्ये त्यांनी नळीचे तोंड किंचित आवळून छर्रे एकवट ठेवण्याची ‘चोक’ पद्धत सिद्ध केली. मूळ कल्पना त्यांची नव्हती. तिला भरवशाचे रूप मात्र त्यांनी दिले. पुढच्याच वर्षी लंडनमधील जाहीर चाचण्यांत त्यांच्या बंदुकांनी बाजी मारली.

त्या काळच्या उत्तम दुनळी बंदुकांच्या नळ्या ‘दमास्कस’ असत. तेलंगणातील उक्कू पोलादाच्या तलवारींवर दिसणाऱ्या लहरींशी साम्य असल्याने हे नाव पडले. घडण मात्र वेगळी. लोखंड व पोलाद यांच्या एकजीव केलेल्या कांबी तापवून दोरासारख्या पिळत. अशा दोन-तीन कांबी जोडून पट्टी करीत, ती दांड्याभोवती वेटोळी गुंडाळीत आणि घणाच्या घावांनी सांधे मिटवीत. शेवटी रसायन लावले की वेलबुट्टी उमटे. एखादा सांधा कच्चा राहिला, तर सारे श्रम वाया जात.

एकसंध पोलादाच्या नळ्या स्वस्त होऊ लागल्या, तेव्हा १८८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने नाना प्रकारच्या नळ्या फुटेपर्यंत तपासल्या. त्यांत पहिला क्रमांक पिळीव घडणीच्याच, इंग्रजी लॅमिनेटेड नळीला मिळाला. तरीही यंत्रयुगापुढे ही हस्तकला टिकली नाही.

ती विस्मृतीत गेली नाही, याचे बरेच श्रेय ग्रीनर यांच्या लेखणीला आहे. १८८१ मध्ये निघालेल्या ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ या ग्रंथात त्यांनी नळीच्या घडणीचा टप्प्याटप्प्याने तपशील दिला. १९१० पर्यंत त्याच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज जुन्या दमास्कस बंदुका जमवणारे आणि त्यांतून नेम साधणारे हाच ग्रंथ हाताशी ठेवतात. वेलबुट्टीवर न भुलता जाणकार आधी नळीची जाडी मोजून घेतात, प्रूफचा छाप पाहतात आणि ती बंदूक ज्या काळ्या दारूसाठी घडली, तिचाच बार भरतात. कारण नळीतला कच्चा सांधा वरून दिसत नाही, हे घणकऱ्यांना तेव्हाही ठाऊक होते.