बडोद्याचा करारनामा आणि पोलादपूरची फाईल

गेल्या महिन्यात महाडच्या कोर्टातून संध्याकाळी आम्ही घरी परतलो, तेव्हा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला आपल्याच समाजाचा एक मुलगा वडिलांसोबत ओट्यावर बसला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार, मुलगा मुंबईला शिकणारा. त्याच्या विद्यापीठाचा परदेशातल्या एका विद्यापीठाशी विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार आहे. त्या योजनेतून एका सत्रासाठी तिकडे जाण्याकरिता त्याचे नाव निघाले होते.

फाईल उघडली. पासपोर्टचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणीची पावती. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मात्र २०२१ च्या जुलैमधल्या पुरात भिजून अक्षर पुसलेला. जामीन कोण राहणार, हा वडिलांचा प्रश्न. मुलाचा प्रश्न वेगळा होता आणि तो त्याने अगदी शेवटी, मान खाली घालून विचारला. तिकडे महाराष्ट्रातली इतर मुलेही असणार. त्यांना आपण कोण ते कळू द्यावे की नाही? नावापुढचे आडनाव लावावे की गाळावे?

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. म्हणून आम्ही त्याला शंभर वर्षांपूर्वी परदेशी शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवत आहोत. विश्वरत्न बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घरोघरी आहे, पण ते परदेशी कसे गेले, कोणत्या अटीवर गेले आणि मागे काय ठेवून गेले, हा भाग आपण जयंतीच्या भाषणात एका ओळीत उरकतो.

बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. म्हणजे आमच्या महाडहून सावित्री ओलांडली की पलीकडचाच मुलूख. वडील रामजी सुभेदार लष्करातले पेन्शनर. त्या पेन्शनीवर आणि परळच्या चाळीतल्या एका खोलीवर मुलाचे शिक्षण चालले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले.

काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. ज्या बापाने पहाटे उठवून मुलाला अभ्यासाला बसवले, त्याला मुलाची परदेशवारी पाहता आली नाही.

सयाजीरावांच्या मनात तेव्हा काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे होते. बाबासाहेबांनी अर्ज केला, निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे सरकारच्या करारनाम्यावर सही केली. आम्ही वकील असल्याने या कागदाकडे आमचे लक्ष जास्त जाते. १५ जून १९१३ पासून तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार. नेमून दिलेला अभ्यास करायचा आणि परत येऊन संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची. २२ वर्षांचा तरुण, वडील नुकतेच गेलेले, घरी रमाई आणि कुटुंब, आणि पुढची तेरा वर्षे एका सहीने बांधलेली! आज मुलाला बॉण्ड भरायला सांगितला की आपले पालक घाबरतात. बाबासाहेबांनी तो अटींसकट स्वीकारला होता, हे त्यांना सांगितले पाहिजे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. प्रथम विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरले, तिथले जेवण रुचेना म्हणून आठवडाभरात दुसरीकडे हलले, पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. तिथे त्यांची जात कोणी विचारली नाही. सगळ्यांच्या बरोबरीने बसणे, जेवणे, वाचनालयातले हवे ते पुस्तक हाताने काढून घेणे, हा अनुभव त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. त्याचे त्यांनी काय केले? मौजमजा नव्हे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मनची ओळख. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू मिळाले. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. म्हणजे जिथे जात लपवणे सर्वांत सोपे होते, तिथेच त्यांनी जात हा अभ्यासाचा विषय म्हणून टेबलावर मांडला. आमच्या ओट्यावरच्या मुलाला आम्ही हे दोनदा सांगितले.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी आधीच मिळवून ठेवली. पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज पाणबुडीने बुडवले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब मुंबईला उतरले. बुडालेल्या सामानाबद्दल थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली, ती कराराप्रमाणे बडोद्याला जाण्याच्या कामी आली.

आणि बडोद्यात काय झाले? अमेरिकेत शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला खोली मिळेना. नाइलाजाने पारशी नाव घेऊन ते पारशांच्या वसतिगृहात राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले. ओळखीच्यांनीही आसरा दिला नाही. भर शहरात एका बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी गाडीची वाट पाहिली. हा प्रसंग त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवला. शीर्षक नीट पाहा. ज्यांना समुद्रापलीकडच्या देशांनी सामावून घेतले, त्यांना आपल्याच देशात वावरायला परवाना लागत होता. आणि लपवलेल्या नावाने अकरा दिवसांपलीकडे संरक्षण दिले नाही, हेही त्यात आले.

दुसरा माणूस तिथेच खचला असता. बाबासाहेबांनी दुसऱ्या वारीची तयारी सुरू केली. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरबूर केलीच. पगार ४५० रुपये. त्यातून पै पै वाचवली, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनाने ५ हजार रुपये कर्जाऊ दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी कोणत्याही संस्थानचा करार नव्हता. अर्धपोटी राहून, सकाळी ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसून त्यांनी १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२२ साली बॅरिस्टरी पुरी केली. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांच्या सूचनेवरून पुन्हा लिहावा लागला. तो लिहून १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

या सगळ्या काळात परळच्या खोलीत रमाई होत्या. तुटपुंज्या पैशांत संसार, आजारपणे, लेकरांचे मृत्यू. परदेशी जाणाऱ्याचा फोटो छापून येतो, मागे राहून घर सांभाळणारीचा येत नाही. त्या मुलाच्या आईचे नाव आम्ही त्या दिवशी मुद्दाम विचारून घेतले.

आता महाडकडे येऊ. बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलमध्ये परतले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. आमच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडला परिषद घेण्याचा ध्यास धरला. याच मोरेंना महाडच्या इंग्रजी शाळेत शिरण्यासाठी वर्तमानपत्रात दाद मागावी लागली होती. आमच्या भागातल्या मुलाला तेव्हा महाडची इंग्रजी शाळा हाच परदेश होता!

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच वर्षी ८ जूनला कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. बहाल केली. प्रबंध छापून सादर करण्याच्या नियमामुळे ती इतकी लांबली होती. ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सनातन्यांनी महाडच्या कोर्टात दावा लावून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून स्थगित केला. पुढे तो दावा महाड, ठाणे आणि मुंबई हायकोर्ट असा चालला. अनादि काळापासून चालत आलेली वहिवाट हा सनातन्यांचा मुद्दा हायकोर्टात टिकला नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. ज्या महाडच्या कोर्टात तो दावा दाखल झाला, तिथे आज आम्ही काळा कोट घालून उभे राहतो. कोलंबियातला अभ्यास आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी अशी आमच्या तळ्यापर्यंत आली.

बाबासाहेबांनी ही वाट आपल्यापुरती ठेवली नाही. १९४२ साली व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली, महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आली. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने आपल्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. हा नियम १९१६ साली असता, तर जातिसंस्थेवर संशोधन करू पाहणाऱ्याला या योजनेचे दार बंद असते! आमच्या मुलांनी परदेशात जाऊन यंत्रे शिकावीत, पण जातीविषयी बोलू नये, असेच ना? आणि जात तर तिकडेही पोहोचली आहे. म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

त्या मुलाला आम्ही सांगितले, आडनाव गाळू नकोस. कोणी विचारले तर सरळ सांग. कोणी त्रास दिला तर तारीख-वार लिहून ठेव आणि त्या विद्यापीठाकडे लेखी तक्रार कर. निघण्यापूर्वी तिथल्या आंबेडकरी मंडळींशी संपर्क कर. सगळ्या कागदांच्या नकला घरी एक आणि आमच्याकडे एक ठेव.

उरला जामीनाचा प्रश्न. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला, भथेनाने पैसे दिले, शाहू महाराज पाठीशी राहिले. आज आपल्यात शिक्षक आहेत, बँकवाले आहेत, वकील आहेत, क्लास वन अधिकारी आहेत. मुलगा परत आला की त्याच्या सत्काराला हे सगळे व्यासपीठावर असतात. तो जाताना कागदावर सही करायला किती जण पुढे येतात? दर २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला लाखोंचा समाज येतो. तिथे भाषणांच्या मंडपाशेजारी एक टेबल मांडावे. जात पडताळणीची कागदपत्रे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे, पासपोर्ट, शिष्यवृत्तीचे अर्ज यांची माहिती तिथे मिळावी आणि जामीन राहायला तयार असलेल्यांची यादी तिथेच करावी. पुरात कागद गेलेल्या महाड-पोलादपूरच्या घरांसाठी शाळांच्या जुन्या रजिस्टरांतून उतारे काढून देण्याचे काम वकील मंडळींनी वाटून घ्यावे. याला वर्गणी लागत नाही, वेळ लागतो.

त्या मुलाच्या फाईलवर जामीनदार म्हणून पहिली सही आम्ही केली आहे. दुसरी जागा रिकामी आहे.

जयभीम!