मेरी सीकोल : दार बंद झाले तरी सेवेची वाट न सोडलेली परिचारिका

दरवर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन साजरा होतो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. रुग्णालयांत दिवे लागतात, शपथ घेतली जाते, भाषणे होतात. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ मे रोजी, आणखी एका स्त्रीचा स्मृतिदिन येतो. तिनेही त्याच युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली होती. पण आपल्याकडे तिचे नावही फारसे कुणाला ठाऊक नाही. ती स्त्री म्हणजे जमैकाच्या मेरी सीकोल.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला गेलेल्या अनेक मुली भेटतात. लवकर नोकरी लागेल, घराला हातभार लागेल, म्हणून बऱ्याचदा घरच्यांनीच हा कोर्स निवडलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत त्यांना प्रश्न पडू लागतात. हे काम खरेच आपले आहे का? सरकारी भरतीची वाट पाहायची, खासगी रुग्णालयात राहायचे की परदेशाची परीक्षा द्यायची? आणि एक प्रश्न त्या हळू आवाजात विचारतात : आडनाव कळल्यावर जिथे वागणूक बदलते, तिथे टिकायचे कसे? या प्रश्नांची तयार उत्तरे आमच्याकडे नाहीत. पण मेरी सीकोल यांचे आयुष्य या मुलींनी एकदा वाचावे, असे आम्हाला वाटते.

आईच्या घरात मिळालेले शिक्षण

मेरीचा जन्म १८०५ साली जमैकातील किंग्स्टन शहरात झाला. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती आणि तिथे उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची गुलामी चालू होती. मेरीचे वडील स्कॉटिश सैनिक होते, आई मिश्रवर्णीय होती. मेरी गुलाम म्हणून जन्मली नाही, पण गोऱ्यांना मिळणारे हक्कही तिच्या समाजाला नव्हते. तिच्या आयुष्याची पहिली तीस वर्षे गुलामी कायद्याने मान्य असलेल्या समाजात गेली.

तिची आई किंग्स्टनमध्ये एक निवासगृह चालवत असे. आजारी पडलेले लष्करी आणि नौदल अधिकारी तिथे येऊन राहत. आईला झाडपाल्याच्या औषधांची उत्तम जाण होती आणि आजाऱ्यांची काळजी कशी घ्यायची, हे तिला आफ्रिकन परंपरेतून मिळालेले होते. घर स्वच्छ ठेवणे, हवा खेळती ठेवणे, रुग्णाला कोमट पेय देणे, त्याच्याजवळ बसून राहणे, हे सगळे मेरी लहानपणापासून पाहत होती. आधी तिने बाहुलीवर उपचार केले, मग घरातल्या कुत्र्या-मांजरांवर आणि पुढे स्वतःवरही. बारा वर्षांची झाली तेव्हा ती आईच्या हाताखाली काम करू लागली होती.

युरोपात परिचारिकांच्या आधुनिक प्रशिक्षणाची तेव्हा जेमतेम सुरुवातही झाली नव्हती. नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघाली ती १८६० साली. म्हणजे मेरीकडे प्रमाणपत्र नव्हते, तसे ते त्या काळात जवळपास कुणाकडेच नव्हते. घरातल्या बायकांचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजले जात नाही, हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही. आपल्या आजी-पणजींमध्ये कितीतरी सुईणी होत्या. त्यांच्या हातून गावे जन्माला आली, पण त्यांचे काम कमी दर्जाचेच समजले गेले.

तरुणपणी मेरी लंडनला जाऊन आली. तिच्याबरोबरच्या मैत्रिणीचा रंग अधिक सावळा होता. रस्त्यावरची पोरे त्यावरून दोघींची टिंगल करत. दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा विकायला लोणची आणि मुरंबे घेऊन गेली. सेवा आणि व्यापार ही तिच्या आयुष्याची दोन्ही चाके तेव्हापासूनच फिरू लागली होती.

दुःखाचा काळ आणि पटकीची साथ

१८३६ मध्ये मेरी यांनी एडविन सीकोल यांच्याशी लग्न केले. पतीची प्रकृती नाजूक होती. १८४३ च्या आगीत किंग्स्टनमधले निवासगृह जळाले, ते पुन्हा उभारावे लागले. १८४४ मध्ये पती गेले, पाठोपाठ आईही गेली. काही दिवस त्या सुन्न होत्या. मग त्यांनी निवासगृह हाती घेतले आणि पुन्हा आजाऱ्यांच्या कामाला लागल्या.

१८५० मध्ये जमैकात पटकीची भयंकर साथ आली. बेटावर तीस हजारांच्या आसपास माणसे दगावली. निवासगृहात उतरलेल्या एका डॉक्टरकडून मेरी यांनी या रोगावरचे उपचार नीट शिकून घेतले. पुढच्याच वर्षी त्या पनामातील क्रूसेस गावी भावाकडे गेल्या. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याने हजारो माणसे पनामा ओलांडून जात होती. गावात गर्दी, चिखल आणि घाण होती, डॉक्टर मात्र नव्हता. अशा ठिकाणी पटकी आली.

मेरी यांनी पहिला रुग्ण पाहताच रोग ओळखला आणि तो रुग्ण वाचला. मग लोक त्यांच्याकडे येऊ लागले. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडून त्या पैसे घेत, गरिबांना फुकट पाहत. मोहरीचे लेप, शेक, दालचिनी घालून उकळलेले पाणी हे त्यांचे उपचार होते. त्या काळच्या डॉक्टरांप्रमाणे त्या शिसे आणि पाऱ्याची औषधेही देत. ती घातक असतात हे आज आपल्याला माहीत आहे. आपल्या काही उपचारांनी अपाय झाला असावा, हे मेरी यांनी पुढे स्वतःच मान्य केले. एका तान्ह्या बाळाचा मृत्यू झाल्यावर त्यांनी एका माणसाच्या मदतीने गुपचूप शवविच्छेदन केले. हा रोग शरीरात नेमके काय करतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. पुढे त्यांना स्वतःलाही पटकी झाली, त्यातून त्या बऱ्या झाल्या.

याच क्रूसेसमध्ये एका मेजवानीत एका अमेरिकन माणसाने त्यांचे आभार मानताना त्या गोऱ्या नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला. मेरी यांनी तिथेच उठून सांगितले की आपल्याला आपल्या रंगाचा खेद नाही आणि असे कौतुक नको. परतताना अमेरिकन जहाजावरील गोऱ्या प्रवाशांनी त्यांच्यासोबत प्रवास करायला नकार दिला. त्यांना उतरून दुसऱ्या जहाजाची वाट पाहावी लागली.

१८५३ मध्ये जमैकात पीतज्वराची साथ आली. तेव्हा लष्कराच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच त्यांना बोलावले आणि किंग्स्टनजवळच्या छावणीत परिचारिकांची व्यवस्था करायला सांगितले. म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे दोन पटकीच्या साथींचा आणि एका पीतज्वराच्या साथीचा अनुभव होता. लष्कराला त्यांचे काम ठाऊक होते.

लंडनमधले बंद दरवाजे

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. सैनिक गोळ्यांपेक्षा पटकी, हगवण आणि थंडीने अधिक मरत होते. मेरी यांनी किंग्स्टनमध्ये ज्यांची शुश्रूषा केली होती, त्या पलटणीही तिकडे गेल्या होत्या. त्या लंडनला पोहोचल्या आणि परिचारिका म्हणून घ्यावे, असा अर्ज केला. सोबत शिफारसपत्रे होती.

युद्ध कार्यालयाने त्यांना घेतले नाही. वैद्यकीय विभागात गेल्या, तिथेही नकार मिळाला. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या घरी त्या तासन्‌तास थांबल्या, जागा भरल्याचे उत्तर मिळाले. परिचारिका निवडणाऱ्या एका बाईंना भेटल्यावर जागा असती तरी आपल्याला मिळाली नसती, हे त्यांना जाणवले. निदान प्रवासाचा खर्च मिळावा म्हणून लोकवर्गणीच्या निधीकडे अर्ज केला, तोही फेटाळला गेला. थंडीच्या एका संध्याकाळी लंडनच्या रस्त्यावर उभ्या असताना त्यांना रडू कोसळले. आपल्या कातडीच्या रंगामुळेच हे होत आहे का, हा प्रश्न त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात उघडपणे मांडला.

नकाराचे कारण कुणी कागदावर लिहून देत नाही. जागा भरली आहे, एवढेच सांगितले जाते. आपल्या मुलींना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण मेरी लंडनला आल्या होत्या त्या आजारी सैनिकांजवळ पोहोचण्यासाठी. नेमणूक मिळाली असती तर रस्ता सोपा झाला असता, एवढेच. ती मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी थॉमस डे यांच्यासोबत भागीदारी केली, माल खरेदी केला आणि १८५५ च्या सुरुवातीला स्वतःच्या खर्चाने जहाजात बसल्या. वाटेत स्कुतारीच्या रुग्णालयात त्या नाइटिंगेल यांना भेटल्या, एक रात्र मुक्काम केला आणि पुढे बालाक्लाव्हाकडे निघाल्या.

तिथून काही मैलांवर त्यांनी वाहून आलेली लाकडे, खोकी आणि लोखंडी पत्रे जमवून एक इमारत उभी केली. नाव ठेवले ब्रिटिश हॉटेल. तिथे जेवण, गरम कपडे, दारू, औषधे सगळे मिळे. पहाटे कॉफी तयार व्हायची, मग आजारी सैनिकांची रांग लागायची. अधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या पैशावर हॉटेल चाले आणि ज्याच्याकडे पैसे नसत त्यालाही औषध मिळे. लढाईच्या दिवशी त्या खेचरांवर अन्न लादून आणि पट्ट्या, सुई-दोरा, औषधांची पिशवी घेऊन रणभूमीवर जात. तोफा चालू असतानाच मलमपट्टी करत. शत्रूपक्षाच्या रशियन जखमींनाही त्यांनी पाहिले. एकदा गोळा आला म्हणून जमिनीवर झोकून देताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा निखळला, तो कधीच नीट झाला नाही. सप्टेंबर १८५५ मध्ये सेबास्तोपोल पडले, तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूने शहरात शिरणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. ‘द टाइम्स’चे युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांनी त्यांच्या कामाबद्दल जाहीरपणे लिहिले.

दारूविक्रीमुळे नाइटिंगेल यांचे त्यांच्याविषयी खासगीत चांगले मत नव्हते. हेही नोंदवायला हवे की मेरी यांनी सेवा केली ती एका साम्राज्याच्या सैन्याची. पण जखमी माणसासमोर त्यांनी वर्दी पाहिली नाही, हे तितकेच खरे आहे.

सेवेची किंमत

१८५६ मध्ये अचानक तह झाला. हॉटेलमध्ये भरलेला माल कवडीमोलाने विकावा लागला. लंडनला परतल्या तेव्हा त्यांचे दिवाळे निघाले. ज्यांना त्यांनी जगवले होते ते सैनिक आणि अधिकारी मदतीला आले. १८५७ मध्ये त्यांच्यासाठी लंडनमध्ये चार दिवसांचा मोठा कार्यक्रम झाला, पण त्यातून त्यांच्या हाती फारच थोडे पैसे लागले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि गाजले. १८६७ मध्ये पुन्हा निधी उभारला गेला आणि उतारवय बरे गेले. १४ मे १८८१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

नंतर जवळपास शंभर वर्षे इंग्लंड त्यांना विसरले. नाइटिंगेल यांच्या मागे शाळा होती, अहवाल होते, सरकारदरबारी वजन होते. मेरी यांच्या मागे संस्था नव्हती. त्यांचे नाव जपले ते जमैकाच्या परिचारिकांनी. तिथल्या परिचारिका संघटनेने १९५४ मध्ये आपल्या मुख्यालयाला त्यांचे नाव दिले. १९७३ मध्ये लंडनमधील त्यांच्या दुर्लक्षित कबरीचा जीर्णोद्धार झाला, त्यातही जमैकन परिचारिकांचा पुढाकार होता. २००४ मध्ये सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय ब्रिटिश व्यक्ती म्हणून लोकांनी त्यांना कौल दिला. २०१६ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला तो सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात, जिथे नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली होती. त्याला विरोधही झाला, तरी पुतळा उभा राहिला.

आपल्या मुलींनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, दिशा घरी बसून विचार करत राहिल्याने सापडत नाही. मेरी यांना ती क्रूसेसच्या चिखलात, रुग्णाच्या उशाशी सापडली. कोणता विभाग आपला, अतिदक्षता की प्रसूती, रुग्णालय की गावचे उपकेंद्र, हे हातात काम घेतल्यावरच कळते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी काम करा, पाहा, शिका आणि मग ठरवा. एका मुलाखतीतला नकार आपल्या योग्यतेचा निकाल मानू नका.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. नुसत्या सेवाभावाने पोट भरत नाही आणि इतिहासात जागाही मिळत नाही. सेवेच्या नावाखाली परिचारिकांना तुटपुंज्या पगारावर, कंत्राटावर, जादा पाळ्यांत राबवले जाते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून परिचर्या परिषदेची नोंदणी वेळेवर करा, नियुक्तिपत्र लेखी घ्या, पुढचे शिक्षण सोडू नका आणि संघटनेत या. भेदभाव झाला तर तारीख-वार लिहून ठेवा, एकटीने गिळू नका.

आजारी, दुर्लक्षित भिक्खूला स्वतःच्या हातांनी न्हाऊ घालणाऱ्या तथागतांचा वारसा आपण सांगतो. ते काम हलके नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ते काम करणाऱ्या मुलीला पगार आणि मान दोन्ही मिळावेत, यासाठी मात्र घराने आणि समाजाने तिच्या पाठीशी उभे राहायला हवे. येत्या मे महिन्यात १२ तारखेला नाइटिंगेल यांचे स्मरण कराल, तेव्हा १४ तारखेला बुद्धविहारात वस्तीतल्या परिचारिकांनाही बोलवा. त्यांच्या अडचणी ऐका आणि मेरी सीकोल यांची ही गोष्ट त्यांना सांगा.