स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे; जन्म: ३० ऑगस्ट १८८३, डभोई, गुजरात; मृत्यू: १८ एप्रिल १९६६) हे योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे आद्य भारतीय संशोधक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होत. प्राणायामाने शरीरात नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन शोषला जातो, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत त्यांनी मोजमाप करून तपासली व ती टिकत नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

पूर्वायुष्य

१९०३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होताना गुणे यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढील शिक्षण बडोद्यात झाले. तेथेच जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी देशी व्यायामपद्धतीचे धडे घेतले. अरविंद घोष आणि लोकमान्य टिळक यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. नंतर अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी अध्यापन केले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी यांची भेट झाली आणि त्यांच्याकडून योगाची दीक्षा मिळाली.

गुरूंच्या शब्दावर विसंबून थांबणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी विद्यार्थ्यांवर उड्डियान व नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने निरीक्षण केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या निर्वाताला गुरूंचे नाव दिले.

कैवल्यधामाची स्थापना

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाविरुद्धचा सत्याग्रह झाला तो याच सुमारास. संस्थेबरोबरच ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. प्रयोगांचे निष्कर्ष आणि पारंपरिक ग्रंथांचे विवेचन एकाच अंकात छापणारे असे नियतकालिक त्या काळी नवलाचेच होते. महात्मा गांधींनीही प्रकृतीच्या संदर्भात त्यांचा सल्ला घेतला होता.

ऑक्सिजन व प्राणायाम

मराठीत ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ हा प्रतिशब्द रूढ झाला आणि त्यातून एक घोटाळाही जन्मला. योगग्रंथांतील ‘प्राण’ म्हणजेच हा वायू, आणि प्राणायाम म्हणजे तो शरीरात साठविण्याची युक्ती, असे अनेकांनी गृहीत धरले. पाश्चात्त्य देशांतील दीर्घश्वसनाचे पुरस्कर्तेही असेच काहीसे सांगत.

कुवलयानंदांनी प्राणायामाच्या वेळच्या उच्छ्वासाचे वायुविश्लेषण करून शोषला गेलेला ऑक्सिजन व बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण काढले. दीर्घ श्वासात एका खेपेस अधिक हवा आत जाते हे खरे. परंतु श्वासांची संख्या इतकी घटते की एकूण हिशेबात ऑक्सिजनची मोठी कमाई दिसत नाही. १९३० च्या दशकाच्या आरंभी हे निष्कर्ष ‘योगमीमांसे’त आले. प्राणायामाचे मोल ऑक्सिजनच्या प्रमाणात नसून शरीरांतर्गत दाबांत होणाऱ्या बदलांत आणि मज्जासंस्थेला मिळणाऱ्या शिस्तीत आहे, असे मत त्यांनी मांडले. योगाचा प्रसार हेच ज्याचे जीवितकार्य, त्याने योगाच्या बाजूचा एक लोकप्रिय दावा स्वतःहून सोडून द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

शरीरक्रियाविज्ञान या निष्कर्षाला दुजोराच देते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसांतून निघणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातच सुमारे ९७ टक्के भरलेले असते; मग जोराने श्वास घेऊन त्यात भर ती किती पडणार? विश्रांतीच्या स्थितीत शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते आणि ही गरज पेशींचे काम ठरविते, छातीचा भाता नव्हे. उलट फार जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि घेरी येते.

न्यूमोनियासारख्या आजारात वायुकोशांतून ऑक्सिजन रक्तात पोहोचत नाही, तेव्हाची गोष्ट निराळी. तेथे बाहेरून दिलेला ऑक्सिजन हेच औषध ठरते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने बाधित झालेल्या सैनिकांसाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९१७ मध्ये या उपचाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली होती. प्राणायाम या उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

येल विद्यापीठातील संशोधक कोवूर बेहनन हे मूळचे केरळचे. त्यांनी लोणावळ्यात कुवलयानंदांकडे राहून योगाभ्यास केला आणि पुढे स्वतःवरच प्रयोग केले. त्यांना उज्जायीच्या वेळी ऑक्सिजनचा वापर २४.५ टक्के वाढलेला आढळला. १९३७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोघांचे आकडे परस्परविरोधी वाटतात. मात्र श्वसनाच्या स्नायूंना अधिक श्रम पडले की खर्च वाढणारच, आणि खर्च वाढणे म्हणजे साठा वाढणे नव्हे, हा भेद वाचकाने ध्यानी घ्यावा.

उत्तरायुष्य

‘आसन’ व ‘प्राणायाम’ हे त्यांचे ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहेत. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीवरही त्यांनी काम केले. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ संस्थेचे आरोग्यकेंद्र, तर १९५१ मध्ये लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. पुढे तेथे योगोपचाराचे रुग्णालयही उभे राहिले.

त्यांच्या निधनानंतर सहकाऱ्यांनी दम्याच्या रुग्णांवरील योगोपचारांचे, तसेच भूगर्भसमाधीचे अभ्यास १९६७ मध्ये ‘योगमीमांसे’त प्रसिद्ध केले. हवाबंद खड्ड्यात माणूस किती वेळ राहू शकतो, हे कोंडलेल्या हवेत वाढत जाणारा कार्बन डायऑक्साइड त्याला कितपत सोसतो यावर अवलंबून असल्याचे त्यांत आढळले.