सुभेदार रामजीबाबा : एका शिस्तप्रिय पित्याची ओळख

माता भीमाई आणि माता रमाई यांच्या त्यागाची गाणी आपल्या आयाबहिणींना तोंडपाठ आहेत. पण भीमराव रामजी आंबेडकर असे पूर्ण नाव आपण वाचतो तेव्हा मधल्या नावापाशी आपण कितीसे थांबतो? म्हणून वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांची थोडक्यात ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरवले.

रामजीबाबांचे मूळ गाव आंबडवे, हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. वडील मालोजी हेही फौजेत होते. त्या काळी गावात अस्पृश्याच्या पोराला शाळेची पायरी चढता येत नव्हती, पण फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. त्याचा रामजीबाबांनी पुरेपूर फायदा घेतला. पुण्याला शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन ते लष्करी शाळेत मास्तर झाले, पुढे हेडमास्तर झाले आणि सुभेदार पदापर्यंत चढले. सुमारे चौदा वर्षे त्यांनी हेडमास्तरकी केली. म्हणजे बाबासाहेबांच्या घरात शिक्षण बाबासाहेबांपासून सुरू झालेले नाही. ते आधीच्या पिढीने कष्टाने घरात आणून ठेवले होते.

मुरबाडकर या लष्करी घराण्यातील भीमाईंशी त्यांचे लग्न झाले. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. चौदावे रत्न महू येथील लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले, हे आपल्या घरातील लहान पोरही सांगेल.

१८९२ साली इंग्रज सरकारने महारांची फौजेतील भरती बंद केली. ज्यांच्या दोन-दोन पिढ्या सरकारसाठी लढल्या, त्यांच्या मुलांना ते दार बंद झाले. त्या हुकुमाविरुद्ध महार अंमलदारांनी सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जाची प्रत पुढे बाबासाहेबांना वडिलांच्या जुन्या कागदांत सापडली. तो अर्ज न्यायमूर्ती रानडे यांनी लिहून दिला होता, असे त्यांना चौकशीत कळले. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर भाषण करताना त्यांनी ही हकीकत सांगितली. अन्यायाविरुद्ध लेखी दाद मागायची आणि कागद जपून ठेवायचा, हे वळण त्या घरात असे जुने होते.

१८९४ च्या सुमारास रामजीबाबा पेन्शनीत निघाले. प्रथम दापोली आणि मग साताऱ्याला बिऱ्हाड केले, तिथे नोकरी धरली. पण १८९६ साली भीमाईंचे निधन झाले. त्या वेळी चौदांपैकी पाचच मुले हयात होती. बाळाराम, आनंदराव व भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली. रामजीबाबांची बहीण मीराबाई हिने पोरांना आईची माया दिली. पुढे रामजीबाबांनी दुसरे लग्न केले. ते लहान भीमाला मुळीच रुचले नाही, हेही खरेच आहे. पण मुलाचा राग बापाने मनात धरला नाही.

१९०१ साली ते खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत भेटायला या, असे त्यांनी मुलांना कळवले. भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून मोठ्या हौशीने आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. मुलांचे पत्र नोकराने रामजीबाबांना दिलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे भरून, गाडी स्वतः हाकत, रात्रभर पाण्यावाचून पोरांनी प्रवास केला. हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. सुभेदाराची पोरेसुद्धा रस्त्यावर अस्पृश्यच होती!

त्यावर रामजीबाबांकडे एकच औषध होते, ते म्हणजे अभ्यास. इंग्रजी ते स्वतः शिकवीत, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे करून घेत. पुढे बिऱ्हाड मुंबईला परळच्या चाळीत आले. दोन मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा आनंदराव कामाला लागले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकू लागले. थोरल्या भावाचा हा त्यागही आपण विसरू नये. खोली एवढीशी, त्यातच स्वयंपाक, जळण, जाते नि शेळी. भीमाला लवकर निजवून रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. मुलाला पुस्तक हवे असले आणि खिशात दमडी नसली, की हा पेन्शनर लेकींच्या दारी जाई, त्यांचा दागिना मागून गहाण टाकी आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देई. पुस्तकाला नाही म्हटले, असे कधी झाले नाही.

रामजीबाबा कबीरपंथी होते. रोज रात्री ते मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करून घेत. भीमरावांनी एकदा विचारले, ज्या ग्रंथांत आपल्या लोकांना हीन लेखले आहे, ते आपण का वाचायचे? द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे हलक्या स्थितीतून किती वर चढले ते पाहा, म्हणजे मनातला कमीपणा जाईल, अशा अर्थाचे उत्तर बापाने दिले. मुलाचे समाधान झाले नाही. पण बापाने त्याला प्रश्न विचारल्याबद्दल मारले नाही, की घराबाहेर काढले नाही. मॅट्रिक झाल्यावर रामजीबाबांचे स्नेही दादा केळुसकर यांनी भीमरावांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणारा मुलगा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पोहोचला. बापाचा पंथ त्याने सोडला, पण बापाने लावलेली अभ्यासाची सवय शेवटपर्यंत सोडली नाही.

बी. ए. झाल्यावर भीमराव १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा रामजीबाबांचा जीव जणू मुलासाठीच अडला होता. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. ते पाहायला बाप उरला नव्हता. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांनी आपल्या शिक्षणासाठी सोसले त्याची कृतज्ञता म्हणून.

आज आपल्या वस्तीत कामावरून थकून येणारे बाप घरोघरी आहेत. सगळ्यांनाच मुलाला इंग्रजी शिकवता येईल असे नाही. पण टीव्ही बंद करून तासभर पोराच्या शेजारी बसणे आणि त्याने अवघड प्रश्न विचारला तर न चिडता ऐकून घेणे, एवढे प्रत्येकाला जमते. २ फेब्रुवारीला विहारात एक मेणबत्ती रामजीबाबांच्या नावानेही लावावी, अशी आमची सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!