सयाजीराव महाराज आणि छोटे लोहमार्ग

आमच्या कोसाडच्या स्थानकावरून रुंद रुळांच्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात. याच मार्गाने सुरतेच्या दक्षिणेस बिलीमोऱ्यास गेले, की अवघ्या अडीच फूट रुंदीचे रूळ दृष्टीस पडतात. ते ज्यांच्या कारकिर्दीत घातले गेले, त्या श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाडांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. मूळचे नाव गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले आणि १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

राज्याबरोबर त्यांस एक अपूर्व लोहमार्गही लाभला. खंडेराव महाराजांच्या काळी, १८६२ साली, डभोई ते मियागाम रूळ पडले होते; त्यांवरून घोड्यांच्या ट्रामप्रमाणे बैल डबे ओढीत. त्या हलक्या रुळांस इंजिनाचा भार पेलवेना. तेव्हा मार्ग सोडून न देता १८७३ मध्ये त्यावर जड रूळ बसविण्यात आले.

सयाजीरावांच्या कारकिर्दीत या मार्गाला अनेक शाखा फुटल्या. १९१३ च्या सुमारास बिलीमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरांचा मार्ग निघाला. गणदेवी, अनावल, उनाई ही गावे जोडली गेली आणि डांगच्या अरण्यातील सागवान बाहेर येऊ लागले.

परंतु रूळ घातले म्हणजे काम संपले असे होत नाही. चाके झिजतात, डब्यांचे लाकूड कुजते. ते जाणत्या हातांनी पुनःपुन्हा नवे करावे लागते. असे हात घडविण्याची महाराजांस मोठी आस्था. १८९० साली त्यांनी बडोद्यास कलाभवन काढून यंत्रविद्या व सुतारकाम शिकविण्याची सोय केली. १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे व मोफत केले. १९१९ साली बडोद्यास गोयागेट येथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. गाड्यांची दुरुस्ती आता घरच्या घरी होऊ लागली.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले. वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली, तरी वघईची गाडी चालतच राहिली. २०२० साली मात्र, तोट्याचे कारण सांगून, ती कायमची बंद करण्याचे ठरले. अरण्यातील गरिबांस स्वस्तात बाजार गाठून देणारी ती गाडी. लोकांनी विरोध केला, निर्णय फिरला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये, मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबा जोडून, ती पुन्हा निघाली.

मोठ्या पुरुषांची स्मारके दगडाची असतात, असे आपण समजतो. या महाराजांचे एक स्मारक मात्र चाकांवर आहे. त्यास हार नको. वेळेवर तेल, जाणता कारागीर आणि प्रवासी हवेत. विद्यार्थ्यांनी कधी उनाईचे गरम पाण्याचे झरे पाहावयास जावे, तेव्हा या रुळांकडेही क्षणभर निरखून पाहावे.