खाशाबा जाधव : पदक मिळालं, पुढे काय?

पालकहो, रिह्यासारख्या मुळशीतल्या गावात पोरगं तालमीत जायला लागलं, की घरात पहिला प्रश्न निघतो : यावर पोट भरेल का? प्रश्न रास्तच आहे. खाशाबांचंच बघा ना.

15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तांबडी माती घरचीच. 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले. मॅटची सवय नसतानाही सहावे आले! हेलसिंकीला जायला मात्र पैसेच पुरेनात. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. (शिक्षक मित्रांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.)

1952 मध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक! स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या भरवून सरांचं घर सोडवलं.

आणि पोटाचं? 1955 ला ते फौजदार झाले, पण बढतीसाठी वर्षानुवर्षं ताटकळले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.